इंग्रजी शब्दसंपत्ति : सांठवावी कीं वापरावी?

आमच्या शाळेंत गेलीं कांहीं वर्षें इंग्रजी शब्दांची एक स्पर्धा भरत असते. आठवीपासून दहावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांस जून महिन्यांत पांचशें कठीण शब्दांची यादी देण्यांत येते व डिसेंबरांत त्यांपैकीं पन्नास शब्दांचे अर्थ विचारण्यांत येतात. ज्यास सर्वांत अधिक शब्द पाठ, त्यास ढाल मिळते. ही स्पर्धा पुढील वर्षीं चालूं ठेवावी कीं नाहीं, हा प्रश्न शिक्षकमंडळापुढें लवकरच यावयाचा आहे. तत्पूर्वीं त्याविषयींचें माझें मत पालकांपुढें व विद्यार्थ्यांपुढें मोकळेपणानें मांडावें, असा या लेखाचा हेतु आहे. आहे त्या स्वरूपांत ही स्पर्धा बंद करावी, असें मला वाटतें.

इंग्रजीवर माझा रोष आहे म्हणून मी हें लिहितों, असें कोणीं समजूं नये. ज्याच्यापाशीं इंग्रजी शब्दांची चांगली पुंजी नाहीं त्यास महाविद्यालयाच्या पहिल्याच वर्षीं काय सोसावें लागतें, हें मराठी माध्यमांतून वर आलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. प्राध्यापकांचें व्याख्यान कानांवरून निघून जातें. कोणी हंसेल या भीतीनें वसतिगृहांत तोंड उघडवत नाहीं. आणि बुद्धीनें कोठेंही उणा नसलेला मुलगा मागच्या बांकावर जाऊन बसतो. कित्येक तेथेंच बसून राहतात. अशा मुलाच्या हातीं शाळेनें कोणतें साधन द्यावें, हा खरा प्रश्न आहे, आणि पांचशें कठीण शब्दांची यादी हें तें साधन नव्हे.

एका हुशार मुलानें आजोबांच्या निधनानंतर रजेचा अर्ज लिहिला. घरांतील शोक वर्णन करतांना त्यानें यादींतला 'लुगूब्रिअस' हा शब्द घातला होता. यादींत त्याचा अर्थ 'शोकाकुल, खिन्न' असा दिलेला. तो चुकीचाही नाहीं. परंतु आजचे इंग्रज लेखक हा शब्द बहुधा अशा ठिकाणीं वापरतात, जेथें दुःखाचें प्रदर्शन मर्यादेबाहेर जाऊन किंचित् हास्यास्पद झालेलें असतें. ज्या आजोबांनीं त्यास खांद्यावर बसवून जत्रा दाखविल्या, त्यांच्या मरणावर त्या बिचाऱ्यानें नकळत थट्टेचा शिंतोडा उडविला. 'सॅड' या तीन अक्षरांच्या शब्दानें त्याचें काम झालें असतें, आणि वाचणाऱ्याच्या मनालाही तें भिडलें असतें. त्या वर्षींची ढाल त्याच मुलास मिळाली, हें येथें सांगितलें पाहिजे.

इंग्रजी भाषेचा विस्तार पाहिला म्हणजे छाती दडपते, हें खरें. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचा पहिला भाग १८८४ सालीं बाहेर पडला आणि शेवटचा १९२८ सालीं. मुख्य संपादक जेम्स मरे यांस तो पुरा झालेला पाहण्याचें भाग्य लाभलें नाहीं, ते १९१५ सालींच वारले. त्या कोशांत चार लाखांहून अधिक शब्द आले. अगस्तीप्रमाणें हा समुद्र आचमनांत पिऊन टाकणारा कोणी इंग्रजांतही नाहीं. त्यांतील कोणतें पाणी आपल्या घागरींत भरावयाचें, एवढेंच ठरवावयाचें असतें. आणि तें ठरविण्याचा एक मोठा प्रयत्न त्या काळच्या हिंदुस्थानांतच झाला. मायकेल वेस्ट हे १९२० नंतरच्या दशकांत ढाका येथील अध्यापक-विद्यालयाचे प्रमुख होते. बंगाली मुलें वर्षानुवर्षें इंग्रजी शिकतात, तरीही एक साधें पुस्तक सुखानें वाचूं शकत नाहींत, हें त्यांनीं पाहिलें. क्रमिक पुस्तकांत क्वचित् लागणारे शब्द पानोपानीं पेरलेले असत आणि नव्या शब्दांची इतकी दाटी असे कीं, मूल चार ओळींत दमून जाई. वेस्टसाहेबांनीं दुर्मिळ शब्द काढून त्यांच्या जागीं नित्याचे घातले, नवे शब्द विरळ केले, आणि एकदां आलेला शब्द पुनःपुन्हां भेटेल अशी व्यवस्था केली. पुढें १९५३ सालीं त्यांची सुमारें २००० शब्दांची प्रसिद्ध यादी छापून निघाली. तींत एकेका शब्दाचा कोणता अर्थ शेंकडा किती वेळां येतो, तेंही नमूद आहे. हे दोन हजार शब्द व त्यांचीं रूपें मिळून साधारण इंग्रजी मजकुराचा शेंकडा ८० च्या आसपास भाग होतो.

त्यापुढील पायरी न्यूझीलंडांतील ॲव्हरिल कॉक्सहेड या विदुषींनीं २००० सालीं दाखविली. विद्यापीठांतील निरनिराळ्या विषयांचें लेखन चाळून त्यांनीं ५७० शब्दकुळें निवडलीं. शैक्षणिक मजकुरांत तीं शेंकडा १० च्या आसपास भरतात. त्यांत कोणते शब्द आहेत म्हणाल, तर 'अझ्यूम', 'डिराइव्ह', 'इम्प्लाय', 'इन्फर', 'कन्सिस्ट', 'एव्हिडन्ट', 'पॉलिसी' असे. आमच्या स्पर्धेच्या यादींत यांपैकीं एकही नाहीं, कारण हे सोपे वाटतात. सोपे वाटतात म्हणूनच ते अर्धवट कळलेले राहतात, आणि पुढें इतिहासाच्या किंवा रसायनाच्या पुस्तकांत घात करतात ते हेच. वर्तमानपत्र किंवा कादंबरी कोशाच्या मदतीवांचून वाचावयाची तर आठ ते नऊ हजार शब्दकुळें अवगत असावीं लागतात, असा हिशेब पॉल नेशन यांनीं २००६ सालीं मांडला. पांचवीपासून बारावीपर्यंतच्या आठ वर्षांत रोज तीन शब्द धरले तरी हा आंकडा गांठतां येतो. घाबरण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं. मात्र रोजचे तीन शब्द खरोखर आपले झाले पाहिजेत.

शब्द आपला होणें म्हणजे काय, हें जरा खोलांत जाऊन पाहूं. 'इम्प्लाय' आणि 'इन्फर' यांची गल्लत पदवीधरही करतात. परंतु 'सुचविणें' आणि 'अनुमान काढणें' यांत आपला मुलगा कधीं गोंधळतो काय? बोलणारा सुचवितो, ऐकणारा अनुमान काढतो. डोंगरावर धूर दिसतो त्या अर्थीं तेथें अग्नि असला पाहिजे, हें अनुमानाचें उदाहरण तर आपल्या न्यायशास्त्रांत फार जुनें आहे. मराठींत जो भेद पक्का आहे, त्याच्यावर इंग्रजी शब्द नुसता टेकवून द्यावयाचा असतो. याच्या उलट, जेथें मराठींतील एकच शब्द इंग्रजींतील दोघांचें काम करतो, तेथें फार जपलें पाहिजे. अमुक मनुष्य चोर असल्याविषयीं मी 'डाउट' करतों, म्हणजे तो चोर नसावा असें मला वाटतें. मी 'सस्पेक्ट' करतों, म्हणजे तो चोर असावा असें वाटतें. मराठींत दोहों ठिकाणीं 'संशय'च. साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत ही अदलाबदल झाली तर एखादा निरपराधी अडकावयाचा. (वर्गांत मुलें 'सर, एक डाउट आहे' असें म्हणतात, तो आपल्या 'शंके'चा अनुवाद होय. तो प्रयोग या देशांत रूढ झाला आहे व त्यास हंसण्याचें कारण नाहीं. परदेशीं पत्र लिहितांना मात्र तेथें 'क्वेश्चन' लिहावें हें बरें.)

उच्च इंग्रजी म्हणजे लांब शब्दांची इंग्रजी, ही समजूत कोठून आली असावी? मला वाटतें, ती त्या भाषेच्या इतिहासाकडे दुर्लक्ष केल्यामुळें आली. १०६६ सालीं नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकलें. त्यानंतर पुष्कळ काळ दरबाराची व न्यायाची भाषा फ्रेंच, पंडितांची लॅटिन, आणि गोठ्यांतली व चुलीपुढची इंग्रजी, अशी स्थिति होती. म्हणून गोठ्यांतील जनावर 'काउ', पण धन्याच्या ताटांतील त्याचें मांस 'बीफ'. तसेंच 'आस्क' हा घरचा शब्द, 'क्वेश्चन' फ्रेंचांतून आलेला, आणि 'इंटरॉगेट' लॅटिनचा. तिघांचा अर्थ कोशांत जवळजवळ एकच सांपडेल. तथापि आई मुलाला 'आस्क' करते, वकील साक्षीदाराला 'क्वेश्चन' करतो, आणि पोलीस आरोपीला 'इंटरॉगेट' करतात. हा भेद मराठी मनाला अपरिचित नाहीं. आपण शेजाऱ्याला विचारतों, सभेंत प्रश्न करतों, नाटकांतला राजा पृच्छा करतो, आणि चुकार नोकराला जाब विचारला जातो. हा जाब तर फारशीच्या वाटेनें आलेला. पाणी, जल, उदक हे शब्द घ्या. उन्हांतून आलेल्या पाहुण्यास आपण पाणी देतों. त्याच्यापुढें तांब्या ठेवून कोणी 'उदक घ्यावें' असें म्हणाला, तर पाहुणा प्रथम तांब्याकडे व मग यजमानाकडे पाहील. आमच्या यादीचे विद्वान् इंग्रजींत दिवसभर हेंच करीत असतात. 'बिगिन'च्या जागीं 'कमेन्स', 'हेल्प'च्या जागीं 'फॅसिलिटेट', 'हाउस'च्या जागीं 'डोमिसाइल'. सरकारी अर्जांत 'डोमिसाइल' योग्यच आहे. परंतु मित्रास 'माझ्या डोमिसाइलला ये' असें कोणी बोलावीत नसतो.

शब्दांचीं मुळें शिकावीं काय, असें कित्येक विद्यार्थी विचारतात. अवश्य शिकावीं. संस्कृत घेतलेल्या मुलास तर हें काम फार सोपें जातें. लॅटिनमधील पाहणें या अर्थाचा धातु 'स्पेक्ट' या रूपानें 'इन्स्पेक्ट', 'रिस्पेक्ट', 'प्रॉस्पेक्ट', 'स्पेक्टेटर' यांत बसला आहे, आणि तो आपल्या 'पश्यति'चा सख्खा भाऊबंद आहे. दंत आणि 'डेंटल', नव आणि 'नॉव्हेल', विधवा आणि 'विडो', 'ज्ञा' धातु आणि 'कॉग्निशन' यांची सोयरीक एकदां लक्षांत आली म्हणजे अर्धें पाठांतर वांचतें. इंग्रजीनें आपल्याकडूनही उचल केली आहे. 'मंगूस' हा शब्द मूळचा आपला मुंगूस आहे. परंतु कुळ कळलें म्हणजे स्वभाव कळतोच असें नाहीं. आज चांगल्या अर्थानें वापरला जाणारा 'नाइस' लॅटिनमधील अज्ञानी या अर्थाच्या शब्दापासून निघाला, आणि 'सिली' म्हणजे मूर्ख हा शब्द पूर्वीं धन्य, सुखी अशा अर्थाचा होता. 'टॅलन्ट' हें मूळ एक वजन व त्या वजनाचें चांदीचें द्रव्य. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील पंचविसाव्या अध्यायांतल्या दाखल्यावरून तो शब्द अंगच्या गुणांस लावण्यांत येऊं लागला. केवळ मुळांवर विसंबणाऱ्यास हीं स्थित्यंतरें कोठून कळणार? तीं वाचनानेंच कळतात.

यादींत जी गोष्ट कधींच सांपडत नाहीं, ती म्हणजे शब्दांचा सहवास. मराठींत पाऊस पडतो, वारा सुटतो, थंडी वाजते, भूक लागते, राग येतो, पैज मारतात, आणि शपथ चक्क खातात. थंडी कां वाजावी व शपथ कां खावी, याचें उत्तर कोणा व्याकरणकारास विचारून मिळावयाचें नाहीं. तशी चाल आहे, एवढेंच. इंग्रजींतही पाऊस 'हेवी', चहा 'स्ट्राँग', चूक 'मेक' करावयाची आणि गृहपाठ 'डू' करावयाचा. ज्यास पांच हजार शब्दांचे अर्थ पाठ आहेत, परंतु कोणता शब्द कोणाच्या पंक्तीस बसतो हें माहीत नाहीं, त्याचें इंग्रजी वाचतांना प्रत्येक शब्द ओळखीचा असूनही वाक्य परकें वाटतें. मराठी माध्यमाच्या मुलांस लोक हंसतात तें बहुधा याच कारणानें, आणि यादीनें हें व्यंग वाढतें.

मग करावें काय? एक शंभर पानी वही करावी. वाचतांना जो शब्द दुसऱ्यांदां आडवा येईल तोच तींत घ्यावा. पहिल्या भेटींत प्रत्येकास घरांत घेण्याचें कारण नाहीं. शब्दापुढें तो ज्या वाक्यांत सांपडला तें वाक्य उतरून घ्यावें, त्याखालीं मराठींतील जवळचा शब्द लिहावा, आणि आपल्या गांवाविषयीं किंवा घराविषयीं त्या शब्दाचें एक स्वतःचें वाक्य करावें. दुसऱ्या दिवशीं, आठवड्यानें व महिन्यानें तें पान उलटून पाहावें. शिकलेलें किती झपाट्यानें विसरलें जातें, हें हर्मन एबिंगहाउस या जर्मन पंडितानें १८८५ सालीं स्वतःवर प्रयोग करून दाखविलें, आणि अंतरा-अंतरानें केलेली उजळणी टिकते हेंही त्यांतूनच पुढें आलें. हल्लीं भ्रमणध्वनीवर अशी उजळणी करून घेणारीं साधनें मिळतात. त्यांस माझी हरकत नाहीं. पाटी होती, आतां कांच आली. त्या कांचेवर शब्द एकटा उभा केलेला असतो, त्याच्या मागेंपुढें वाक्य नसतें, एवढें मात्र ध्यानांत असूं द्यावें.

आतां पालकांशीं दोन शब्द बोलावयाचे आहेत. मुलाचें इंग्रजी सुधारावें म्हणून पुष्कळ घरांत मराठी बोलणें कमी केलें जात आहे. स्वतः फारसें इंग्रजी न शिकलेली माउली 'बेटा, मिल्क फिनिश कर' असें म्हणते, त्यांत तिचा हेतु शुद्ध असतो. मी तिला नांवें ठेवीत नाहीं. पण हिशेब करून पाहावा. या बोलण्यानें मुलास इंग्रजी दोन शब्द मिळाले, आणि 'घटाघटा', 'साय', 'निवालें', 'उतू गेलें', 'कोमट' हे गेले. ज्या मुलाला दया, कींव, करुणा व कळवळा यांतील फरक आजीच्या तोंडून ऐकावयास मिळाला आहे, त्यास 'पिटी', 'सिम्पथी' व 'कम्पॅशन' शिकविण्यास मला एक तास पुरतो. ज्याच्यापाशीं या चारांसाठीं एकच 'सॅड वाटलें' आहे, त्यास वर्षभर शिकवूनही ते तीन शब्द एकाच खुंटीवर टांगले जातात. इंग्रजी ही वाघिणीचें दूध, असें आपण ऐकत आलों आहों; तें धरावयास भांडें तर घरचेंच लागतें.

पंडिता रमाबाईंचें उदाहरण माझ्या विद्यार्थ्यांस मी नेहमीं देतों. बालपणीं त्यांस आईवडिलांकडून संस्कृत विद्या मिळाली; इंग्रजी त्या मोठेपणीं शिकल्या. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं साक्ष दिली ती मराठींत, व तिचें भाषांतर करून घ्यावें लागलें. पुढच्याच वर्षीं त्या इंग्लंडास गेल्या, आणि १८८७ सालीं 'द हाय-कास्ट हिंदु वुमन' हें त्यांचें इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियास प्रसिद्ध झालें. मराठी साक्ष आणि इंग्रजी पुस्तक यांत पांच वर्षांचें अंतर. त्या पांच वर्षांत त्यांनीं नवी भाषा मिळविली. सांगावयाचें काय, तें पूर्वींच त्यांच्यापाशीं होतें. दुसऱ्या बाजूनें मोल्सवर्थसाहेबांचें पाहा. कंपनीच्या फौजेंतला हा तरुण शास्त्रीमंडळी जवळ घेऊन बसला, आणि १८३१ सालीं त्याचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. सुधारलेली आवृत्ति १८५७ ची. लोक काय बोलतात, कोणत्या प्रसंगीं बोलतात, त्यांतील शिवी कोणती व सभ्य कोणतें, हें सर्व त्या कोशांत आहे. परकी भाषा कशी शिकावी हें त्या इंग्रजानें आपल्याच भाषेवर करून दाखविलें आहे. बाबा पदमनजींनीं त्या कोशाचा केलेला संक्षेप आणि कँडीसाहेबांचा १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश हे दोन्ही मोठ्या ग्रंथालयांत पाहावयास मिळतात, आणि मोल्सवर्थ तर शिकागो विद्यापीठाच्या कृपेनें आज घरबसल्या विनामूल्य चाळतां येतो. बाळशास्त्री जांभेकरांचें 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजीं निघालें, तें एका बाजूस मराठी व दुसऱ्या बाजूस इंग्रजी अशा स्तंभांत. शेजारींशेजारीं दोन भाषा वाचण्याची ही युक्ति आम्हीं कां सोडली, कळत नाहीं.

असो. शिक्षकमंडळापुढें मी ठेवणार आहें ती सूचना अशी. पांचशें शब्दांची यादी रद्द करावी. तिच्याऐवजीं आठवी ते दहावीच्या प्रत्येक तुकडीस शुक्रवारचा शेवटचा तास वाचनासाठीं द्यावा. त्या तासांत शिक्षकानेंही वाचीत बसावें, वह्या तपासूं नयेत. डिसेंबरांतील परीक्षेंत न पाहिलेला एक उतारा द्यावा, त्यांतील दहा ठिकाणीं दोन-दोन शब्द देऊन कोणता शोभतो व कां, हें मराठींत लिहावयास सांगावें, आणि शेवटीं शेत, बाजार, आजोळ अशा ओळखीच्या विषयावर पंधरा ओळी साध्या इंग्रजींत लिहून घ्याव्यात. निम्मे गुण वहीस असावेत. वाचनालयांतील इंग्रजी गोष्टींच्या कपाटास वर्षभर कुलूप असतें, तें मधल्या सुटींत उघडें राहावें. चार पुस्तकें फाटतील, तीं बांधून घेतां येतात. आठवी व नववीच्या वह्या तपासण्याचें काम मी पत्करतों. दहावीसाठीं कोणी सहकारी पुढें आले तर येत्या जूनपासून आरंभ करण्यास अडचण दिसत नाहीं. ढाल तीच चालेल. तिच्यावर 'शब्दस्पर्धा' एवढींच अक्षरें कोरलेलीं आहेत, तेव्हां नवा खर्चही नाहीं.